वरच्या बुचाला दोन टाके

मी, बाजारात 'पानेवाली' म्हणून ओळखली जाणारी, वय ४३, धंदा मोटार गॅरेज, राहणार गॅरेजच्या माडीवर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी धाकट्या भावासह राहते. तो एका कंत्राटदाराच्या फोर-बाय-फोर गाडीवर ड्रायव्हर आहे. सदर गाडी डोंगरावरच्या कामाला मजूर नेते-आणते. काल सकाळी भावाने ती पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शिअलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरपेट्यांचं, ऑइल बदलायला माझ्याकडे आणली.

आमच्या धंद्यात ऑइल भरायचं वरचं बूच आधी सैल करतात, मगच खालचं काढून जुनं ऑइल सोडतात. वरचं निघालंच नाही आणि खालून सगळं वाहून गेलं, तर गाडी जागीच बसते. मी तसंच केलं. पुढचं काम विनातक्रार झालं. मागचं ऑइल काळंकुट्ट निघालं, आणि खालच्या बुचाच्या लोहचुंबकाला गिअरचा तुटलेला दात चिकटून आला. बारीक चुरा नेहमीच येतो, तो कुणी मनावर घेत नाही. हा चुरा नव्हता.

मी कंत्राटदारांना बोलावून दात दाखवला. ते म्हणाले, "नवं ऑइल भर नि गाडी दे. मागचं गेलं तर पुढची चाकं ओढतील. फोर-बाय-फोर काय शोभेला घेतलीय?" मी म्हणाले, "साहेब, उतारावर तुकडा गिअरात अडकला की मागची चाकं जाम. मग पुढची ओढतील ती दरीत." जेवून येतो, तोवर गाडी तयार ठेव, नाहीतर दुसऱ्याकडून भरून घेतो, असं सांगून ते गेले.

ऑइल काय, बूच काढता येणारा कुणीही भरेल. म्हणून मी मागच्या पेटीचं वरचं बूच घट्ट आवळलं आणि त्याला वेल्डिंगचे दोन टाके मुद्दाम मारले.

परत आल्यावर कंत्राटदारांनी थयथयाट केला व भावाला तिथल्या तिथे कामावरून काढलं. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तू माझ्या पोटावर पाय दिलास." मी म्हणाले, "दिला. आईच्या माघारी तुला वाढवलं ते दरीतून गोळा करायला नाही." तेव्हापासून तो घरी जेवलेला नाही. त्याचं ताट झाकलेलंच आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं, टाक्यांचं अजिबात नाही.

टाके कापायचा ग्राइंडर माझ्याकडे आहे. कंत्राटदारांनी मागचे गिअर बदलायचं कबूल करावं, आत्ता कापून देते. नाहीतर त्यांच्या तक्रारीवरून काय गुन्हा लावायचा तो खुशाल लावा.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात हवालदारभाऊंनी माझ्या भल्यासाठी टाके "चुकून" पडल्याचं लिहिलं होतं. "राहू द्या ताई, सुटाल," असंही ते म्हणाले. तो शब्द मी खोडायला लावला आणि "मुद्दाम" लिहून घेतलं. आता बरोबर आहे.