रोशनचं स्पेलिंग

इंग्रजीचं काय सांगता! आम्ही ते थेट पुण्याहून आलेल्या मास्तरांकडून शिकलो. अमडापुरात पाऊल ठेवताच त्यांनी साहेबाची अर्धी भाषा सोपी करून टाकली. "शब्दाच्या शेवटी 'शन' ऐकू आलं, की टी-आय-ओ-एन. स्टेशन, नेशन, सगळीकडे तेच. डोकं चालवायचं नाही." डोकं न चालवण्यात आम्ही मुळातच तरबेज होतो.

मग शाळा तपासायला हॅटवाले डिप्टीसाहेब आले. मास्तरांची बढती त्यांच्याच शेऱ्यावर अडली होती. साहेबांनी माझ्या शेजारच्या रोशनला फळ्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत लिहायला सांगितलं. त्यानं ऐटीत लिहिलं, आर-ओ-टी-आय-ओ-एन.

"हे कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मास्तरायनं," रोशन छाती काढून म्हणाला. "शन आलं का टी-आय-ओ-एन!"

मास्तरांना घाम फुटला, पण पुणेरी माणूस चूक कशी कबूल करणार? "बरोबरच आहे, साहेब. वऱ्हाडात हे नाव असंच लिहितात."

"असं?" साहेबांनी शांतपणे हॅट काढली. "मास्तर, मी इथल्याच चिखलीचा शेख रोशन. म्हंजे इतकी वर्षं मी सही चुकीचीच करून राह्यलो म्हना की!"