बोलायला माणूस पाहिजे

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको ताई, ती डगमगते, इकडे बसा, खिडकीपाशी. बाबा आतच आहेत, भेटवते ना, पण आधी दोन मिनिटं माझं ऐका — आई म्हणते, तुझी दोन मिनिटं म्हणजे दुसऱ्याची अख्खी सकाळ — म्हणू दे. तर जाहिरातीत लिहिलंय तेवढंच काम. रोज दोन तास, बोलायला माणूस पाहिजे. स्वयंपाक नाही, धुणं नाही, औषधंसुद्धा आई पोस्टात कामाला जायच्या आधी देऊन जाते. नुसतं बोलायचं. हसताय? लोकांना वाटतं सोपं आहे! तुमच्या आधी तिघीजणी येऊन गेल्या. पहिल्या बाई बाबांच्या कानापाशी जाऊन ओरडायला लागल्या — अहो, कान ठणठणीत आहेत त्यांचे, वाचा गेलीय! दुसऱ्या म्हणाल्या, 'शहाणं बाळ ते.' माझ्या बाबांना! पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला! बाबांनी असं काही पाहिलं त्यांच्याकडे, की त्या आपण होऊनच उठल्या. तिसऱ्या... तिसऱ्यांचं जाऊ दे.

मला बारावीत गणितात किती पडले, विचारा. विचारा ना! ब्याण्णव! निकाल लागला तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, काल पायरी चुकले, हे बघा, गुडघा. आणि ॲडमिशन पण झाली — चार वर्षांचा कोर्स, ज्यांचं बोलणं गेलंय किंवा आलंच नाही अशा माणसांना बोलायला शिकवायचं. बसने सात तास. रविवारी निघायचं. शाळेत मला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि आता बघा, रेडिओ बोलण्याचंच शिक्षण घ्यायला निघालाय! माझी बाकावरची मैत्रीण, टिंगी, ती म्हणाली, 'पेशंट बरे होतील गं, पण तुला गप्प करायला बोलायला लागतील.' हसून हसून पोट दुखलं आमचं.

खरं म्हणजे तसंच झालं ना पण! बाबांना झटका आला तेव्हा मी अकरावीत. पाच महिने तोंडातून शब्द नाही. आणि मी सारखी बोलायची — शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि सुरू. आज कोणाची वही हरवली, प्रयोगशाळेत कोणी काय फोडलं, मुख्याध्यापिका बाई कोणावर बरसल्या, सगळं. आणि एक दिवस, मी डबा धुता धुता काहीतरी सांगत होते, तर मागून आवाज — 'गप!' ताई, गप! पाच महिन्यांनी पहिला शब्द! आई भिजल्या हातांनी नाचली, मी ओरडत जिन्यात गेले, खालच्या मजल्यावरचे आजोबा घाबरून वर आले — आणि बाबा आपले पुन्हा पुन्हा, 'गप, गप, गप,' आणि डोळ्यातून पाणी.

तुम्ही स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत होतात ना? बारा वर्षं? मग तुम्हाला थांबून ऐकायची सवय असणार. कारण बाबांना थांबायला लागतं. 'पाणी' म्हणायचं असतं आणि 'पेन्सिल' येतं. मधे शब्द पुरवायचा नाही हं! फार राग येतो. पण पाढे? एकोणतीसचा पाढा घडाघडा! आकडे ओळीने आले की येतात, गंमत आहे की नाही? माझं बारावीचं सगळं गणित त्यांनीच घेतलं, एक शब्द न बोलता. मी मोठ्याने सोडवायचं, आणि चुकले की टेबलावर पट्टी — खाड! त्या टेबलाच्या कडा बघा, माझ्या चुकांनी झिजल्यात.

आणि शाळेत ना, ते मला सर. घरी बाबा, शाळेत सर, असं पक्कं ठरलेलं. पण नववीत एकदा चुकून भर वर्गात तोंडातून गेलंच — 'बाबा, हे समजलं नाही!' सगळा वर्ग खो-खो. त्या दिवसापासून अख्खी शाळा त्यांना पाठीमागे बाबा म्हणायला लागली. शेवटचा पेपर झाला ना, तर आमचा वर्ग सरळ इथे आला, एकेचाळीस जण, गणवेशावर एकमेकांच्या सह्या केलेल्या, निम्मे या खोलीत, निम्मे जिन्यात. म्हणाले, सर, हजेरी घ्या. मला धडकीच भरली, नावं कुठे येतात त्यांना? पण बाबांनी चष्मा लावला, सरळ बसले आणि म्हणाले, 'एक.' जिन्यातून आवाज, 'हजर सर!' 'दोन.' 'हजर सर!' एकेचाळीसपर्यंत, ताई, न अडखळता! माझा एकोणीस. माझा आवाजच फुटेना. रेडिओचा! सगळे ओरडतायत, अगं बोल, बोल — मी नुसता हात वर केला.

हो, माहितीय त्यांना मी जाणार ते. फॉर्म त्यांनीच पुढे सरकवला, वर पट्टी आपटली. अडवत कोणी नाहीये मला. नाही हो, तसं नाही... बरं, सांगते. त्या तिसऱ्या बाई चांगल्या होत्या. बाबांशी हळू बोलल्या, थांबल्या, बाबा त्यांना चक्क 'या' म्हणाले. आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि सांगितलं, जागा भरली. कोणी भरली? कोणी नाही. खोटं बोलले. आईला अजून माहीत नाही, तिला वाटतं त्याच नाही म्हणाल्या.

कारण — म्हणजे, मला असं वाटतं की, हे माझंच काम आहे. झटका आला त्या दिवशी वर्गात... फळ्यावर लिहिता लिहिता ते वळले आणि म्हणाले, 'म्हणून खिडकी बरोबर चमचा.' वर्ग हसला. त्यांनी पुन्हा म्हटलं, 'चमचा,' आणि स्वतःच गोंधळून फळ्याकडे पाहिलं. ताई, सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. मला वाटलं, बाबा आज मजा करतायत. खडू पडला, मग ते टेबलाला धरून खाली बसले, तरी माझं हसू थांबेना, किती वेळ कोण जाणे. हे मी टिंगीलापण नाही सांगितलेलं. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही काही विचारलंच नाहीत, म्हणूनच बहुतेक.

अहो, उठलात? नको का काम? आत? आत्ताच? थांबा, मी ओळख करून — एकट्याच जाता? बरं. पण त्यांच्या उजव्या बाजूला बसा, आणि ते पेन्सिल म्हणाले तर... हो. थांबायचं. तुम्हाला माहितीय. बरं, जा.

मी इथेच आहे. नाही, इथे नको, मी बाजारात जाऊन येते, उशी घ्यायचीय मला, वसतिगृहात उशी देत नाहीत म्हणे. दार लोटून घ्या आतून. लोटलं?

—बाबा हसले का आत्ता? कशाला हसले? काय म्हणालात तुम्ही?

नको, नका सांगू. चालले मी.