फायटोसॉरच्या नाकपुड्या

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय प्राचार्या मार्गारेट मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी, आणि ज्यांना सत्काराच्या खुर्चीवर बसवायला दोन माणसं लागली ते आपले नथूभाऊ,

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर म्हणून नथूभाऊंनी चौतीस वर्षं काय काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी, अश्लेषा, त्याच विभागात शिकवते आणि आज फक्त एका प्राण्याबद्दल बोलणार आहे. नथूभाऊ हसले, म्हणजे ओळखलं त्यांनी!

आपल्या कपाटावर तो लांब तोंडाचा फायटोसॉर आहे ना? मगरीचा दूरचा नातलग, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला. गोदावरीच्या खोऱ्यात अशांचे जीवाश्म सापडले आहेत. मॉडेल कुठे मिळेना, तेव्हा नथूभाऊ पुस्तकातलं चित्र घरी घेऊन गेले. जयवंतीवहिनी कागदाच्या लगद्यात मेथीची पूड मळून टोपल्या करायच्या. त्याच लगद्यातून नवरा-बायकोने हा प्राणी उभा केला. महिनाभर प्रयोगशाळेत मेथीचा वास! फॉर्मॅलिनपेक्षा बरा, हे मान्य करायला हवं.

मी तेव्हा नवी होते. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. बघते तर नाकपुड्या डोळ्यांपुढे, जवळजवळ कपाळावरच! मगरीच्या तर तोंडाच्या टोकाला असतात. नथूभाऊ म्हणाले, "बाई, चित्रात त्या डोल्यांपुढंच हायेत. आपन एकदा बघायचं का?" मी काय म्हणाले असेन? "मगर कशी असते, ते आता तुम्ही मला शिकवणार का?" वर्गातली मुलं हसली. नथूभाऊंनीच पुट्टी कालवून दिली. मी ती भोकं बुजवली आणि टोकाला नवी पाडली.

अकरा वर्षं मी तेच मॉडेल दाखवून शिकवलं. गेल्या महिन्यात आपल्या फ्लॉईडने हात वर केला, "टीचर, याच्या नाकपुड्या डोळ्यांजवळ पाहिजेत ना?" मी पुस्तक उघडलं. चित्र तेच होतं, आणि नथूभाऊ बरोबर होते. मगरीसारखा दिसतो म्हणून मी न बघताच त्याला मगर ठरवून मोकळी झाले होते. वहिनींना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. त्यांची माफी मागायची राहूनच गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मी ती पुट्टी खरवडून काढली. नथूभाऊ, त्या नाकपुड्या कशा पाडल्या होत्या, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. लगदा ओला असताना कुणीतरी अंगठा दाबला होता. आत रेषा अजून स्पष्ट आहेत. ठसा लहान आहे, तुमचा नाही. तो वहिनींचाच.

संयोजकांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मात्र मी नथूभाऊंकडे मागते, आणि सगळ्यांसमोर मागते, कारण अपमानही सगळ्यांसमोर केला होता. प्राचार्यांनी परवानगी दिली आहे. हा फायटोसॉर आता चंदनसारला, तुमच्या घरी जाणार.

या, नथूभाऊ. इथे, डोळ्यांच्या जरा पुढे बोट ठेवून बघा.

सावकाश. आम्हाला कुणालाच घाई नाही.