पंधरा हजार आसनं

— नाही नाही नाही, साहेब, तिच्यावर नका बसू. तेवढी एक सोडून कुठलीही घ्या. अहो, समोर बघा की, टेकडीभर खुर्च्याच खुर्च्या मांडल्यात, आणि तुम्हाला नेमकी कुंपणाला साखळीनं बांधलेली हिरवीच सापडली! हां, ती करडी घ्या. हलते जरा, पण माणूस पाडत नाही. तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचू नका. वाचलंत? बरं, वाचलंत तर वाचलंत — ‘रिग्ज अंत्यविधी गृह’. त्यात लाजायचं काय? खुर्ची ती खुर्ची. एरवी तिच्यावर माणसं बसून रडतात, येत्या शनिवारी बसून ओरडतील. आणि आमची पाणमांजरं — हो, आमच्या कॉलेजच्या संघाचं नावच ते, हसा, सगळे हसतात — आमची पाणमांजरं ज्या तऱ्हेनं फुटबॉल खेळतात ते बघता रडतीलसुद्धा. म्हणजे खुर्चीला काही नवीन नाही.

दमलात ना? दमणारच. सकाळपासून बघतोय मी, हातात तो मोजायचा टकटक्या घेऊन फिरताय — एक आसन, टक्, दुसरं आसन, टक्. एवढ्या मोठ्या विद्यापीठानं एवढ्या मोठ्या साहेबाला तीनशे मैल धाडायचं ते खुर्च्या मोजायला! नाही, मी हसत नाहीये. काम ते काम. मीसुद्धा एकतीस वर्षं या मैदानाचं गवतच कापतोय. ओडेल म्हणा मला, स्ट्रिकलिन म्हणायची गरज नाही, या गावात निम्मे स्ट्रिकलिन आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी स्ट्रिकलिनांशी लग्नं केलीत. तुमचे बूट मात्र गेले हो. असे चकचकीत बूट घालून सप्टेंबरात सकाळी गवतात शिरतं का कुणी?

आता तुमचं काय आहे ते मला माहितेय, लपवू नका. अकरा वर्षांपूर्वी करार झाला — दोनदा आम्ही तुमच्याकडे येऊन मार खायचा, आणि मग एकदा तुम्ही आमच्याकडे यायचं. सरळ सौदा. आम्ही आलो की नाही? आलो. पहिल्यांदा त्रेसष्ट-तीन. त्या तीन गुणांसाठी आमच्या बसवाल्यानं परतताना चार गावांतून हॉर्न वाजवत गाडी आणली, लोकांना वाटलं जिंकूनच आले. दुसऱ्यांदा छप्पन्न-शून्य. तेव्हा हॉर्न नाही वाजवला. पण आलो! मुलांची हाडं मोडली तरी आलो. आणि आता तुमची पाळी म्हटल्यावर तुमच्या लोकांच्या पोटात दुखायला लागलं — मैदानात प्लास्टिकचं नाही, खरं गवत आहे, पाहुण्या संघाच्या खोलीत अंघोळीला सहाच नळ आहेत, मागून मालगाडी जाते. मग कुणीतरी करार काढला आणि त्यातलं कलम शोधलं, की यजमानांकडे पंधरा हजार आसनं नसतील तर मॅच शहरातल्या त्या घुमटाच्या स्टेडियमात हलवायची. तिथं पाऊस नाही, ऊन नाही, वारा नाही. फुटबॉल तरी असतो का हो तिथं?

आणि आमच्याकडे पक्के बाक किती? — तुम्हीच सांगा, तुम्ही मोजलेत — अकरा हजार दोनशे. बरोबर. सगळ्या गावाला माहितेय. म्हणून तुम्ही हसत हसत आला होतात सकाळी. मी बघितलं, फाटकातून हसतच आत शिरलात. आणि मग टेकडी बघितली! काय तुमचा चेहरा झाला तेव्हा, मी जन्मभर विसरायचा नाही. मेथडिस्टांच्या चर्चच्या खुर्च्या, बाप्टिस्टांच्या चर्चच्या खुर्च्या — एका ओळीत मांडल्यात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते एका ओळीत आले — शाळेच्या, बिंगोच्या हॉलच्या, रिग्जच्या, आणि ती वर दिसतेय ना, जिच्या डोक्यावर केस वाळवायचं टोपलं आहे, ती मेव्हिस टकरच्या पार्लरची. ती मोजलीत का? मोजली पाहिजे. करारात ‘आसन’ लिहिलंय. आसन म्हणजे काय? ज्याच्यावर बूड टेकतं ते आसन. बूड टेकल्यावर डोक्यावर काय आहे ते करारात नाही लिहिलेलं.

बाकांचा तर प्रश्नच नाही. बाकावर म्हणे एका माणसाला अठरा इंच धरतात. कुणी ठरवलं हे अठरा इंच? आमच्या गावचा माणूस कुणी बघितला नसणार त्यांनी. अठरा इंचांत आमची एक मांडी मावते, दुसरी शेजाऱ्याच्या अठरा इंचांत जाते. पण आम्ही तक्रार केली का? नाही. तुमच्या अठरा इंचांनीच मोजा म्हटलं.

पुडिंग कसं होतं? मगाशी जेवायला बसलात तेव्हा बायकांनी केळ्याचं पुडिंग दिलं ना? दोनदा घेतलंत म्हणे. तीनदा? वा! बायकांना सांगितलंच होतं मी, पाहुण्याला उठू देऊ नका, निदान चाळीस मिनिटं तरी — म्हणजे जेवण निवांत व्हावं म्हणून हो. गरम गरम मासा, गोड गार चहा, वर पुडिंग, मग कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो. चाळीस मिनिटं लागतातच. ट्रॅक्टरच्या दोन खेपा होतात तेवढ्यात. कुठला ट्रॅक्टर? ट्रॅक्टर नाही म्हणालो मी. गवताचा ट्रॅक्टर. गवत न्यायला. तुम्ही आता ती वही परत का चाळताय? सकाळी उत्तरेच्या बाजूला रिग्जच्या तीनशे खुर्च्या, आणि जेवणानंतर दक्षिणेला रिग्जच्या तीनशे खुर्च्या — अहो, मोठं आहे रिग्जचं दुकान! दोन दुकानं आहेत त्याची. माणसं मरतात खूप इकडे.

अहो, असे बघू नका. बरं. एकच दुकान आहे. झालं? पण शनिवारी बघा, प्रत्येक माणूस स्वतःची खुर्ची घेऊन येणार आहे, स्वयंपाकघरातली, ओसरीवरची, मासे पकडायची. आज आणता येत नाहीत एवढंच, कामाचा दिवस आहे, लोक आपापल्या खुर्च्यांवर बसलेत! म्हणजे खुर्च्या आहेत, फक्त आज दुसरीकडे आहेत. हे काय खोटं बोलणं झालं का? तुम्ही लिहू नका एवढ्यात. जरा थांबा. चहा आणू? नको?

ते तुमचं बोट असं कसं हो? डाव्या हाताची करंगळी. केव्हापासून बघतोय, टकटक्या धरताना बाहेर राहते. चेंडू पकडताना मोडली? म्हणजे खेळायचात तुम्ही! कुठं? — कुठं म्हणालात? — कधी नाव ऐकलं नाही हो. किती मुलं होती कॉलेजात? आठशे? अहो, मग तुमच्यापुढे आम्ही राजधानीच की! आणि तुमच्याकडे कधी आला का कुणी मोठा संघ? करार झाला होता? मग? — घुमटात. हं. शेवटचं वर्ष होतं तुमचं. आणि आईवडील आले का बघायला? तीनशे मैल कुठं जाणार म्हणा, गाईंची धार कोण काढणार. हं.

बघा, एवढा वेळ तुम्ही बूट घातलेला शत्रू होतात माझ्यासाठी. आता पंचाईत झाली. आता तुम्हाला फसवायची मजा गेली.

ती हिरवी खुर्ची ना? विचाराल असं वाटलंच होतं. अर्डिथची आहे. माझी बायको. कॉलेजच्या क्रीडा कचेरीत टायपिंग करायची, छत्तीस वर्षं. प्रत्येक घरच्या मॅचला इथंच, या कुंपणाला लागून बसायची. बाकावर पाठ दुखते म्हणून मी हिरवा रंग देऊन दिली होती तिला. साखळी कशाला? दुसरं कुणी बसू नये म्हणून. आत्ता नाही घातली, ती असतानाच घातली होती, भारी मालकीण होती ती खुर्चीची. मार्चमध्ये गेली. रिग्जकडेच केलं सगळं. तेव्हा त्याच करड्या खुर्चीवर बसलो होतो मी, तुम्ही बसलाय तिच्यावर. किंवा त्या खुर्चीच्या बहिणीवर, सगळ्या सारख्याच हलतात.

अकरा वर्षं ती या मॅचची वाट बघत होती साहेब. करारावर सही झाली त्याच संध्याकाळी तिनं पुठ्ठ्याची अक्षरं कापली — मैदानाच्या एका टोकाला पाहुण्यांचं नाव रंगवायची पद्धत आहे ना आमची — तुमच्या विद्यापीठाचं नाव, चार चार फुटांचं एकेक अक्षर. अकरा वर्षं पलंगाखाली ठेवलीत आम्ही. घरी कुणी आलं की सामान कुठं सरकवायचं कळायचं नाही, पण अक्षरं हलवायची नाहीत. मी म्हणायचो, अगं, येणार नाहीत ते, मोठे लोक आहेत, काहीतरी कारण काढतील. ती म्हणायची, काढू दे, मी बंदोबस्त केलाय. तिला माहीत होतं ना! तुमच्याकडून मसुदा आला तेव्हाच तिनं ते कलम ओळखलं. त्यात ‘पक्की बसवलेली आसनं’ असं होतं. पंधरा हजार पक्की आसनं आमच्याकडे सात जन्मांत झाली नसती. आणि आम्ही टाइप करून परत पाठवलं त्यात नुसतं ‘आसनं’. तुमच्या लोकांनी न वाचता सही ठोकली. फॅक्स पुसट आला होता हो, दोन शब्द वाचता आले नाहीत, चूक झाली बिचारीची. छत्तीस वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं तिचं, आमचे प्राचार्य स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तिला विचारायचे, आणि नेमकी त्या दिवशी ती रात्री घरी येऊन एवढी हसली, एवढी हसली, की मला वाटलं ठसका लागून —

काय म्हणालो मी?

काही नाही म्हणालो. पुसट होता फॅक्स. फारच पुसट. साहेब, ते पेन... अहो, मेलेल्या बाईचं बोलणं कुठं लिहून घेता! मी म्हातारा माणूस, एकटा राहतो, दिवसभर गवताशी बोलतो, गवत कधी उलटून सांगत नाही, त्यामुळे जिभेला लगाम राहिला नाही. तोंड नाही, फाटकं पोतं आहे हे. अर्डिथ म्हणायचीच, ओडेल, ज्या दिवशी माणूस येईल मोजायला त्या दिवशी तू घरात झोप. ऐकायला हवं होतं. आता गावात तोंड कसं दाखवू? बायकांनी सकाळी चारला उठून पुडिंग केलंय.

बरं. ऐका. लिहायचंय ते लिहा. मी खरंच बोलतो आता. मला ती मॅच इथं हवी आहे. आम्ही हरणार हे मला माहीत आहे, सत्तरनं हरू, ऐंशीनं हरू, मला त्याचं काही नाही. पण तुमची ती मोठी मोठी मुलं खेळाडूंच्या त्या बोगद्यातून बाहेर येऊन माझ्या गवतावर उभी राहिलेली मला बघायचीत, आणि ती अक्षरं मला रंगवायचीत. ती पलंगाखाली आहेत तोवर मला झोप लागत नाही. एवढंच आहे माझं. घुमटात नेलंत तर ती अक्षरं मी काय करू, सांगा. जाळू?

निघालात? टकटक्यावर आकडा किती झाला तेवढं तरी — नाही दाखवणार? चौदा हजार सहाशे नव्वद. आणि रिग्जच्या तीनशे परत वजा केल्या तर... हं. कळलं. तुमचा दोष नाही, साहेब. तुम्ही चांगले आहात, तीनदा पुडिंग घेतलंत.

तिकडे कुठं बघताय? तो टक् टक् आवाज कसला? अहो, तिकडे काय दाबताय, तिकडे तर नुसतं गवत आहे! टेकडीचा मागचा उतार तो, तिथं एक खुर्ची नाही — हळू, हळू, बोट मोडेल दुसरं! लोक बसतील तिथं शनिवारी, ते खरंय, चादरी टाकून, पण चादर म्हणजे आसन का — हो हो, आसनच! बूड टेकतं ते आसन! मीच म्हणालो, मीच म्हणालो. दाबा तुम्ही. मी बोलत नाही. हा बघा, तोंडावर हात ठेवला.

...

चौदा हजार नऊशे नव्याण्णव? मग थांबलात का? आता कुठं — अहो, त्या हिरवीकडे कशाला... तिच्यावर कुणी बसणार नाही शनिवारी. मी बसू देणार नाही. तरी चालेल?

पुन्हा दाबा. मला नीट ऐकू नाही आलं.

हं. आलं आता.

जा बघू, जा आता इथून. उभे राहून माझ्याकडे बघू नका, मला मैदानावर रेघा मारायच्यात, अक्षरं काढायचीत पलंगाखालून, कामं आहेत मला. आणि शनिवारी आलात तर एक लक्षात ठेवा, साहेब — आपली खुर्ची आपण घेऊन या. आमच्याकडे कमी आहेत.