अक्रोडाची मूठ

— नाही, ते खाली ठेव. आधी खाली ठेव. दुर्बीण लावलेलं पिस्तूल हातात घेऊन कपाटाच्या काचेत स्वतःला न्याहाळणारे मी रोज बघते. नाकापेक्षा मोती जड! ते उघड्या माळावर टेकू लावून, श्वास धरून हरणं मारणाऱ्यांसाठी. तू झाडीत जाणार, पाठीवर ओझं, हातात करवत — वनखात्याच्या पायवाटा साफ करायच्या, तेच ना तुझं काम? दचकतोस कशाला? ब्रिटाने आईला सांगितलं, आईने पोस्टातल्या बाईला सांगितलं, आणि पोस्टातल्या बाईला कळलं म्हणजे अख्ख्या मोंटानाला कळलं. ब्रिटाचा होणारा नवरा. माझ्या भावाचा, वेंडेलचा, जावई. दारातून आलास, "वेंडेल हाउगेननी हे पाठवलंय" म्हणालास, फडक्यातलं बोचकं इथं ठेवलंस आणि लगेच कपाटाकडे वळून विचारलंस, अस्वलांच्या मुलुखात जवळ काय बाळगावं म्हणून. अरे, फडक्यात बांधून आणलंयस की! आता आणखी काय बघायचं? — थांब, बोलतेय ना मी. आणि आत्या म्हणू नकोस. अजून लग्न व्हायचंय तुझं.

तरी विचारलंसच म्हणून सांगते, कारण सगळे तिथंच फसतात. सगळे विचारतात, दणका केवढा, गोळ्या किती. पिस्तूल अंगावर राहील का, हे कुणी विचारत नाही. जड घेतलंस की पहिल्या दिवशी ते कमरेला, दुसऱ्या दिवशी पिशवीत आणि मग गाडीत — आणि ग्रिझली अस्वलीण काय गाडीपाशी येऊन "काढ हं, मी थांबते" म्हणणार आहे? आणि कमरेला तर नाहीच. पिशवीचा पट्टा नेमका त्याच्यावर येतो, दरवर्षी कुणीतरी तसाच जातो आणि मग इथं येऊन मलाच सांगतो की काढायला गेलो तर निघेना. छातीवर बांधायचं. आडवं. झोपताना, पाणी भरताना, झाडामागं बसायला जाताना — तेव्हाही. आणि मिरचीचा फवारा आधी, गोळी नंतर, हे सांगायला लाज वाटत नाही मला, पिस्तुलं विकते तरी. चाप हलका करून दे म्हणून येतात पोरं, मी सरळ नाही म्हणते. ऑक्टोबरात बोटं बधिर झाली की हलका चाप कधी ओढला गेला ते कळतही नाही, मांडीतून गोळी आरपार! ही काळी प्लास्टिकची, भरपूर गोळ्यांची — वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू. पण तुला त्यांची गरज काय? सासऱ्याने हे दिलंय ना! सोड फडकं. सोडते मीच.

हं.

चव्वेचाळीस बोअरचं रिव्हॉल्वर. आखूड नळी. ही माशी बघ, टोकाची, नेम धरायची, हिच्यावर लाल रंग दिसतो का? नखांचा रंग आहे तो. माझा. नाचाला जायचं म्हणून आणला होता, तो इथं लावला, संधिप्रकाशात दिसावा म्हणून. बाप बघून हसला, पुसला मात्र नाही. घोड्याचं टोकही कापलंय बघ, कोटात अडकू नये म्हणून. तेही माझ्या कोटासाठी. आणि ही मूठ — आण तुझा हात. आण रे. बघ, मावत नाहीये ना? करंगळी लोंबतेय तुझी. कशी मावेल? अक्रोडाचं लाकूड, कानस घेऊन बापाने एक अख्खा हिवाळा घासलं. थोडं घासायचा, माझा हात धरायचा, मुठीवर ठेवायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. याच बाकावर. त्या माणसाने मला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही, आमच्याकडे तशी रीतच नाही, पण तो हिवाळाभर त्याने माझा हात धरला होता. कळतंय का काय म्हणते? — नाही, तुला नाही कळणार. असू दे.

पहिला एल्क, एवढाल्या शिंगांचा, मी मारला तेव्हा डोंगरावरच बाप म्हणाला होता, "हे आर्डिसचं." म्हणजे माझं. साक्षीला कोण? मेलेला एल्क! बाप गेला, पुरून आलो, चर्चच्या तळघरात लोक अजून बटाट्याचं कॅसरोल खात होते, आणि वेंडेल घरी जाऊन तिजोरी उघडून हे घेऊन मोकळा. का? तर बापाचं हत्यार मुलाकडे जातं. ज्याने जन्मात सशावर गोळी झाडली नाही तो! आयत्या बिळावर नागोबा. आणि केलं काय त्याचं? काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात टांगलं, वर दिवा! पाहुणे आले की दाखवायचा, "आमच्या वडिलांचं." वडिलांची कानस मला, बाक मला, हे गळकं दुकान मला, शेवटच्या दिवसांतली बेडपॅन मला, आणि हे त्याला. मी म्हटलं, ठीक. मी बोलणं सोडलं. ख्रिसमसला कार्ड पाठवतो, मी उघडत नाही. — काय? थांब जरा, काय म्हणायचंय ते नंतर म्हण, मधे मधे करू नकोस.

आणि आता जावयाच्या हाताला बसेना, तर पाठव बहिणीकडे! अख्ख्या खोऱ्यात दुसरा कारागीर नाही? आहे की, बोझमनच्या रस्त्यावर आहे, माझ्यापेक्षा गोड बोलतो. पण नाही, मीच करायचं. मीच माझ्या हाताने माझी मूठ काढायची आणि परक्याच्या हाताची बसवायची, ही गंमत बघायचीय त्याला. तेल मात्र घालून पाठवलंय, ताजं. एवढी तरी अक्कल आली. — अरे, बोलतोस काय सारखा, "मॅडम, मॅडम"! स्क्रू आहे तो, एक स्क्रू, मला काय वेळ लागतोय? हा बघ निघाला. ही एक बाजू. ही दुसरी. आतमध्ये पेन्सिलीने काय लिहिलंय ते वाचायचंही नाही मला, मला पाठ आहे. आणि सांगते तुला काय करायचं याचं. शेगडी पेटलेलीच आहे. — सोड माझी बाही! माझं लाकूड आहे, माझ्या हाताचं आहे, दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही, तुमच्या दिवाणखान्यात तर मुळीच नाही — हे गेलं.

झालं. आता कसं मोकळं वाटतंय.

ही रबराची चढवते. मोठी आहे, दणका खाते, ओल्या हातातून निसटत नाही. बघ, किती पटकन बसली. तुझ्या पंजाला माप अगदी बरोबर. पाडसासारखा बघतोस काय माझ्याकडे? घे. धर. बोल आता, मघापासून तोंड उघडतोयस आणि मिटतोयस.

काय?

नाही. हळू. परत सांग. — मला? — तुझ्यासाठी नव्हतंच? तू आपला वेगळं बघत होतास. कपाटातलं. स्वतःच्या पगारातून. आणि हे — "आर्डिसचं आर्डिसला देऊन ये" — एवढंच म्हणाला? आणखी काही नाही? तेलही त्यानेच घातलं? बसून? त्याला तेल घालता येत नाही रे, त्याला तर फडकंही धरता येत नाही —

मग बोलायचं होतंस ना! ओरडायचं होतंस! हात पिरगाळायचा होतास माझा, एवढा धिप्पाड आहेस! — नाही. तुझं काही चुकलं नाही. तू बोलतच होतास. ऐकू येत होतं मला.

शेगडीचं दार उघडू नकोस. भाजशील. इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं लाकूड, केव्हाच गेलं ते.

कुठे आहे तो? घरी? — बाहेर? कुठे बाहेर? ती निळी गाडी? मला वाटलं तुझीच. आत का नाही आला? — मी हाकलून देईन म्हणून. हो, दिलं असतं. तेवढं तरी ओळखतो मला. किती वाळलाय. केस कुठे गेले त्याचे? कुणी सांगितलंच नाही मला. मी विचारलं कुठे कुणाला!

हे घे. गुंडाळ फडक्यात. नाही, मी नाही ठेवून घेणार, माझ्या हातात बसत नाही आता हे. त्याला काय सांगशील? खरं सांगू नकोस. मुठीचं काही बोलू नकोस, त्याच्यासमोर फडकं सोडूही नकोस. सांग, दुकान बंद होतं. — दिसतेय मी त्याला काचेतून, मला माहीत आहे. तरी तेच सांग. जा. जा म्हणते ना!