सरड्याचा बांगडा

सवतीचं मला नका सांगू बायांनो, माझी सवत चार पायांची होती! ह्यांच्या मित्रानं आगबोटीतून एक परदेशी सरडा आणून दिला. तेव्हापासून आमचे मास्तर मी जेवले का, हेसुद्धा विचारीनात.

त्या साली नागावात थंडी पडली आणि वाडीतले नाकतोडे दिसेनासे झाले. सरडा उपाशी, म्हणून ह्यांच्याही घशाखाली घास उतरेना. शेवटी सकाळी कोळणीकडून ताजा बांगडा आणून ओसरीवर टांगला आणि सरड्याला शेजारी बसवलं.

"माशा येतील, तो खाईल," म्हणाले.

"आणि मला मार्गशीर्षात मासळीचं नाव काढू देत नाही!"

"अगं, हा कुठं खायला आणलाय?"

हे शाळेत गेले. मी बांगडा उतरवला, तळला आणि चुलीपुढे बसून खाल्ला.

संध्याकाळी आल्याआल्या विचारलं, "बांगडा कुठाय?"

"तुमच्या लाडक्यानं खाल्ला."

"अख्खा?"

"थंडीत भूक वाढते हो."

काय ते कौतुक! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोन बांगडे घेऊन हजर, वीतवीतभर, ताजे फडफडीत. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी असले आणले नव्हते मेल्यानं!