चार मिलिमीटरचा साधेपणा

(दुपारचे तीन. एका इटालियन रेस्टॉरंटमधलं खिडकीजवळचं टेबल. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. दुसरं गिऱ्हाईक नाही. मालकीण ये-जा करते. आत स्वयंपाकघरात एक घंटी आहे.)

ताई — टेबलाखाली काय शोधतोयस?

भाऊ — डुगडुगतं का ते बघतोय.

ताई — मग?

भाऊ — ढिम्म आहे. ही जागा बाद.

ताई — अरे, अजून पाणीसुद्धा आलेलं नाही.

भाऊ — पाण्याची गरज नाही, ताई. सतरा वर्षं खाण्यावर लिहितोय. खिडकीत प्लास्टरचं कारंजं, त्याच्या पोटात जांभळा दिवा. मेन्यूवर प्रत्येक पदार्थाचा फोटो, वर प्लास्टिक. खुर्च्या मखमली. आणि हा बघ, रुमालाचा हंस. माझ्या यादीचं नाव काय? 'आपल्या भागातल्या दहा साध्या इटालियन जागा'. हंस आला की साधेपणा उडाला.

ताई — जेवून तर बघ.

भाऊ — तू का एवढी मागे लागलीयस? पाच वाजता यादी पाठवायची आहे. नऊ झाल्या, दहावी राहिलीय, आणि तू मला कारंज्याशेजारी आणून बसवलंस.

ताई — नऊ कुठल्या? वाच की.

भाऊ — ऐक. एक: चौकातली. "भिंतीचा गिलावा सुटलाय. तो नीट करायला मालकाला ना वेळ, ना हौस. त्याचं सगळं लक्ष कढईत."

ताई — सुटलेला नाही तो. सोडवलाय. तीन दिवस लागले, दोन माणसं होती.

भाऊ — तुला काय माहीत?

ताई — पुढचं वाच.

भाऊ — दोन: इथे समोरच, रस्त्यापलीकडे. "टेबल डुगडुगलं. मालक स्वतः आला, वाकला, बिलाच्या कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. काही बोलला नाही. मला माझं लहानपण आठवलं."

ताई — वाकताना गुडघ्यावर हात ठेवला का त्याने?

भाऊ — हो.

ताई — ठेवतो. सांगितलं की लक्षात ठेवतो बिचारा.

भाऊ — कुणी सांगितलं?

ताई — मी. एक सोडून एक टेबल, एकच पाय, चार मिलिमीटर कापायचा. तीन कापलं तर लोकांना कळत नाही, पाच कापलं तर सूप सांडतं.

भाऊ — ताई, तू हॉटेलं सजवतेस ना?

ताई — सजवायचे. आता सजवून कोण मागतंय? सगळ्यांना सजावट उतरवून हवी असते. मग उतरवते.

भाऊ — तीन. ही तरी सोड. फळ्यावर खडूने मेन्यू, त्यात वांग्याची लझान्या खोडलेली. "संपली म्हणजे संपली. इथे उद्याचं आज शिजत नाही."

ताई — वांग्याची लझान्या तिथे कधी नव्हतीच. आणि तो खडू नाही, तैलरंग आहे. पुसला जात होता म्हणून तक्रार आली होती.

भाऊ — चार. गल्लीतली, जिथे आतून म्हातारी गिऱ्हाइकांवर ओरडते. "जास्त चीज मागू नका, माझी भाजी मरते." ती पण तूच ठेवलीस?

ताई — छे. ती खरी आहे.

भाऊ — देवा.

ताई — मालकाची आईच आहे. पूर्वी ती ओरडली की हे लोक दार लावून घ्यायचे. मी म्हटलं, दार काढून टाका.

भाऊ — नऊपैकी किती तुझ्या?

ताई — सात.

भाऊ — म्हणजे दोन तरी वाचल्या.

ताई — त्या दोघांनी माझं बघून केलंय. काम कच्चं आहे त्यांचं, तू नीट बघितलं असतंस तर कळलं असतं.

भाऊ — घरी आई विचारते, पोरगी काय करते. मी सांगतो, कलेचं काम करते.

ताई — आणि मला विचारते, पोरगा काय करतो. मी सांगते, खरं-खोटं ओळखतो.

घंटी — टिंग.

मालकीण — आलं. हं, हे मिनेस्त्रोने, भाज्यांचं सूप. गरम आहे हं, सावकाश. ताई, तुम्हाला नेहमीचं आणलंय. हे तुमचे धाकटे ना? नाक सेम आहे. बरं, एक विचारायचं होतं. उद्या सुतार किती वाजता येणार? म्हणजे आत आमच्या ह्यांना तसं सांगून ठेवते. ह्यांना अचानक कुणी आलेलं चालत नाही.

ताई — सकाळी आठला.

मालकीण — आठ. बरं. ब्रेड आणते.

भाऊ — सुतार?

ताई — गेली का ती आत?

भाऊ — गेली. सुतार कशाला?

ताई — उद्यापासून ही जागा मी उतरवणार आहे. तिनेच बोलावलंय मला. समोर रोज रांग लागते. माणसं आधी इथे येतात, काचेतून कारंजं बघतात आणि रस्ता ओलांडतात.

भाऊ — मग चांगलं काम मिळालं की. माझं काय काम इथे?

ताई — मापं घ्यायला म्हणून आले होते मी. जेवण वाढलं, जेवले. दुसऱ्यांदा मापं घ्यायची काही गरज नव्हती, तरी आले. तिसऱ्यांदा टेप घरीच विसरले. तू हिला यादीत घेतलंस तर हिला माझी गरज उरत नाही. समजलं?

भाऊ — मी कारंज्याला साधं म्हणू?

ताई — तू तैलरंगाला खडू म्हटलंस.

भाऊ — लांबून खडूच दिसतो तो.

ताई — सूप पी.

भाऊ — पितोय.

ताई — बोल की काहीतरी.

भाऊ — थांब जरा.

ताई — सतरा वर्षांत खाताना गप्प बसलेला तुला पहिल्यांदा बघतेय.

भाऊ — चांगलं आहे. तीच तर पंचाईत आहे. हे नको तेवढं चांगलं आहे, आणि शेजारी तो जांभळा दिवा चालू-बंद होतोय.

घंटी — टिंग. टिंग.

मालकीण — दोनदा वाजवली म्हणजे हे विचारतायत, आवडलं का. काय सांगू?

भाऊ — सांगा, आवडलं. बाई, एक विचारू? राग मानू नका. हे हंस कशाला?

मालकीण — आमचे हे करतात.

भाऊ — ते कळलं, पण हल्ली असं कुणी ठेवत नाही. नुसता रुमाल ठेवला तरी चालतो. लोकांना हे जरा, काय म्हणतात, दिखाऊ वाटतं.

मालकीण — वाटत असेल. मागच्या वर्षी ह्यांचा उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर आहे, बोटं ऐकेनात. डॉक्टर म्हणाले, घड्या घालायला लावा, रोज चाळीस. सुरुवातीला नुसत्या उशा व्हायच्या. मग बदकं. मान उभी राहायला सात महिने लागले.

ताई — तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत.

मालकीण — तुम्ही भिंतीचं विचारलंत, भिंतीचं सांगितलं.

भाऊ — मग स्वयंपाक?

मालकीण — डाव्या हाताने. घंटी उजव्याने. तीसुद्धा आधी वाजत नव्हती, मला सारखं डोकावून बघावं लागायचं.

भाऊ — ताई, यादीची वही दे. इकडे दे. बाई, हे मी लिहितो. हा हात, हे हंस, ते सात महिने. उद्या दुपारी इथे उभं राहायला जागा मिळणार नाही.

मालकीण — हाताचं लिहायचं नाही.

भाऊ — अहो, पण तेच तर—

मालकीण — नाही. लोकांनी जेवायला यावं. भेटायला नको. दवाखान्यात आले होते सगळे भेटायला, तेव्हा झालं ते भेटून.

भाऊ — बरं. हात नाही. मग एवढंच लिहितो: "एक साधी, प्रामाणिक जागा."

मालकीण — साधी?

भाऊ — म्हणजे चांगल्या अर्थाने.

मालकीण — साहेब, ह्या खुर्च्यांना मखमल लावायला आम्हाला अकरा वर्षं लागली. कारंजं ह्यांनी दुसऱ्या शहरातून मांडीवर ठेवून आणलं, गाडीत खाली ठेवायला भीती वाटत होती. फोटो काढायला माणूस बोलावला होता, त्याने रिसोट्टोवर दिवे लावले होते. आणि तुम्ही साधी म्हणताय? साधं आमचं घर आहे, वर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे कुणी पैसे देऊन जेवायला येत नाही.

भाऊ — पण तुम्हीच तर ताईला बोलावलंत, साधं करून द्या म्हणून.

मालकीण — मी? मी म्हटलं, समोरच्यापेक्षा वरचढ करून द्या. ताईंनी कागद दिला, त्यावर लिहिलं होतं 'अस्सल'. मला वाटलं अस्सल म्हणजे संगमरवर असेल. ताई, काय करणार आहात तुम्ही उद्या?

ताई — मखमल काढणार.

मालकीण — आणि?

ताई — भिंत थोडी खरवडणार. फोटो नाही, खडूचा फळा. कारंजं बाहेर. रुमाल नुसतेच. चुरगळलेले.

मालकीण — चुरगळलेले रुमाल गिऱ्हाइकाला द्यायचे?

ताई — धुऊन, इस्त्री करून, मग चुरगळायचे.

मालकीण — आणि ह्यांना काय सांगायचं? आजपासून हंस बंद, सुताराने सांगितलंय?

ताई — तसं नाही हो.

मालकीण — नाही, मी भांडत नाही. गिऱ्हाईक यायला हवं, ते खरंच आहे. पुढच्या महिन्यातही असंच राहिलं तर कुलूपच लावायचं आहे. तेव्हा तुम्ही म्हणाल तसं. फक्त ह्यांना तुम्ही सांगा. मला नाही जमणार. ब्रेड राहिलाच, आणते.

भाऊ — जा, सांग आत जाऊन.

ताई — चूप बस.

भाऊ — मी फक्त—

ताई — चूप. फोन लावतेय. हॅलो. हो, मीच. उद्याचं रद्द. नाही, पुढे ढकललं नाही, रद्द. करवत घेऊन येऊ नका. रंधा पण नको. अहो, काही बिघडलेलं नाही, म्हणूनच. हो, सगळ्या टेबलांचे चारही पाय सारखे राहू द्या. असतात असे लोक. ठेवते.

भाऊ — केवढं मोठं काम सोडलंस.

ताई — पाचला यादी पाठवायचीय तुला. त्या नऊ जागांचं काय करणार?

भाऊ — काय करू? फाडली तर संपादक मलाच फाडेल. आणि खरं सांगायचं तर त्या भिंतीचा तो परिच्छेद मला आवडलाय.

ताई — मग असू दे. लोकही तिथे सुखात आहेत. घरी कुणी डुगडुगणारं टेबल ठेवू देत नाही.

भाऊ — दहावी लिहितो. बाई, ब्रेड ठेवा इथे, उद्याचा सुतार रद्द झालाय; ऐका हं, आणि चुकलं तर सांगा. "दहा: ही जागा साधी नाही. या यादीत ती का आहे, हे यादी करणाऱ्याला सांगता येणार नाही. खिडकीत कारंजं आहे, रात्री ते लांबून दिसतं, म्हणून पत्ता विचारावा लागत नाही. खुर्च्या मखमली आहेत. टेबल हलत नाही. यादी करणाऱ्याने खाली वाकून खात्री केली आहे. मेन्यूवरच्या फोटोत जे दिसतं तेच ताटात येतं. मिनेस्त्रोने घ्यावं आणि थोडा वेळ बोलू नये."

मालकीण — कारंज्याचा दिवा जांभळा आहे, ते राहिलं.

भाऊ — लिहितो. जांभळा.

मालकीण — आणि 'साधी नाही' हे वर मोठ्या अक्षरात येईल का?

भाऊ — बघतो. वरचं नाव बदलता येत नाही, पण ह्याच्यापुरतं बघतो.

ताई — तुझ्या हनुवटीला सूप लागलंय. तशाच तोंडाने जाऊ नकोस ऑफिसात.

भाऊ — थांब, खिशात रुमाल आहे माझा.

मालकीण — तो कशाला? हा समोर ठेवलाय तो घ्या.

भाऊ — नको हो. मान किती सरळ उभी आहे त्याची. मोडवत नाही.

घंटी — टिंग. टिंग.

मालकीण — मोडा साहेब. आज तुम्ही दोघंच आलात. चाळीसच्या चाळीस तसेच उभे राहिले, तर उद्या सकाळी हे कशाला उठतील?